मुरुडशेंगेचा काढा

मुरुडशेंगेची पिळदार शेंग आमच्याकडे पोटदुखीवर उगाळून देतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तिच्याच अर्काची उंदरांवर चाचणी करत होते. अर्क पाजलेला उंदीर तापवलेल्या पत्र्यावर ठेवायचा आणि चटका जाणवून तो पाय चाटायला लागला की लगेच उचलायचा. जितका उशिरा चाटेल, तितकं औषध चांगलं.

त्या दिवशी एक उंदीर पत्र्यावर नुसताच उभा राहिला. मिशा हलवत इकडेतिकडे बघत होता. शेजारी काम करणारी वैशाली खूश झाली. "लागू पडतंय गं," ती म्हणाली. ठरलेली वेळ झाली म्हणून मी त्याला उचललं, तर त्याचे इवलेसे पाय माझ्या तळहाताला गरम लागले. त्याला जाणवत नव्हतं, पण पत्रा तापलेलाच होता.

मग माझं कामात लक्ष लागेना. घरी आईच्या पोटात मध्यंतरी सारखं दुखायचं. ती रोज मुरुडशेंगेचा काढा घेऊ लागली, आणि तिची तक्रार थांबली. आम्हीही निर्धास्त झालो होतो. दुखणं काहीतरी सांगायला येतं, आणि आपल्याला मात्र ते गप्प बसलेलंच आवडतं.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आई, उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"अगं, आता कुठे दुखतंय? आज पोटभर जेवले."

"तरीही जाऊ."

ती हळूच म्हणाली, "कुशीवर वळलं की अजून टोचतं गं. तुला घोर नको, म्हणून बोलले नव्हते."