लिफ्टच्या टपावर

कंपनीत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. "ए कादंबरी, ग्रीसचा डबा आण," असं फोरमन ओरडला की तो निमूट डबा न्यायचा. लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी ती. तिथे लिहिणारा माणूस म्हणजे मासळी बाजारातला अत्तरवाला. डिप्लोमा झाल्यापासून तो दिवसा लिफ्टच्या मागे असायचा आणि संध्याकाळी कथा लिहायचा. त्याच्या घराण्यात याआधी कोणी काही लिहिलं असेल तर ते अर्ज.

घराणं तरी केवढं? तो आणि ताई. आई-वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई जेमतेम एकोणीसची. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालत तिने त्याला वाढवलं. कथा झाली की तो तिला वाचून दाखवी आणि ती म्हणे, "छान झालंय रे. अगदी डोळ्यांपुढे उभं राहतं." त्या वाक्यावर त्याचा महिना निघायचा, कारण प्रकाशनाकडून कथा परत येत. "वायरिंग झकास आहे," संपादकबाई म्हणायच्या, "पण करंट कुठाय?"

हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम त्यांच्याच कंपनीकडे होतं. एका दुपारी तक्रार आली: वर जाताना कुठेतरी ठक्क वाजतं. असला आवाज रिकाम्या लिफ्टमध्ये सापडत नाही, आत वजन लागतं. नियम असा की मेकॅनिक टपावर असेल तर लिफ्ट लोकांसाठी बंद ठेवायची. मग वजन आणायचं कुठून? म्हणून जुने मेकॅनिक गुपचूप लिफ्ट चालू ठेवतात, टपावर बसतात आणि कान लावतात. सापडलं तर नोकरी जाते. तोही बसला.

खाली दार उघडलं. चादरींची ट्रॉली ढकलत ताई आत आली आणि मागून तिची एकुलती एक मैत्रीण, चष्मेवाली. हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात चष्मेवालीने विचारलं, "काय गं, लेखकराव काय म्हणतायत?"

"काय म्हणणार! काल परत वाचून दाखवली एक. जांभया गिळून गिळून घसा दुखतो माझा."

"मग सांग की तोंडावर."

"कसं सांगू? पोटच्या पोरासारखा तो." ताई आवाज खाली आणून म्हणाली, "तुला एक सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. आई-बाबा गेले ना, त्या वर्षी एकदा त्याला बसस्टँडवर बसवून मी निघून गेले होते. कायमची. बस सुटली. पुढच्या गावाला उतरले नि परत आले. परत आले ते बरं केलं की वेडेपणा, अजून ठरत नाही बघ."

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. ताई बिस्किटं आणायला गेली होती, उशीर झाला म्हणून धावत आली होती, आणि तिने त्याला छातीशी गच्च धरलं होतं. बालपणातली तेवढी एकच गोष्ट तो लोकांना हौसेने सांगायचा.

ठक्क. तिसऱ्या मजल्याच्या जरा वर. लिफ्ट ज्या रुळांवरून चढते त्यांचा तिथला सांधा सरकलाय, हे त्याला कळलं; आणि तितक्याच थंडपणे करंट म्हणजे काय तेही कळलं.

त्या रात्री त्याने बसस्टँडची कथा लिहिली, पण ही काही ताईला वाचून दाखवली नाही. संपादकबाई मात्र वाचून खुर्चीतून उठल्याच.

"कुठून आणलंस हे?"

"सुचलं."

"बहीण आहे तुला?"

"आहे."

"मग बहिणीची आत्या कर, बसची आगगाडी कर. पुस्तक काय, दुकानात जातं. माणसं घरातच राहतात."

त्याने करून पाहिलं. आत्या आली की कथा मान टाकायची. शेवटी त्याने आत्येला हाकललं आणि ताईला परत आणून बसवलं.

पुस्तक निघालं. फोरमनने सगळ्यांना चहा पाजला. धुलाई विभागात कोणीतरी कौतुकाने एक प्रत आणली, आणि जेवणाच्या सुट्टीत नेमकी तीच कथा मोठ्याने वाचली. वाचणारीचा आवाज हळूहळू बसत गेला. सगळ्या ताईकडे बघत राहिल्या.

ताई घरी येऊन दारातच उभी राहिली. तो तयार होता: पाय धरायचे, टपाचं सगळं सांगून टाकायचं.

"चष्मेवालीने सांगितलं ना तुला?" ताई म्हणाली. "जगात तिला एकटीला सांगितलं होतं मी."

त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"तुला काय बोलू? मी टाकून गेले होते तुला, मी कुठल्या तोंडाने बोलू? पण तिला काय धाड भरली होती?"

टपाचं सांगितलं तर नोकरी जाईल, असं त्याने स्वतःला बजावलं. ताई काही फोरमनकडे चहाडी करायला जाणार नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली दारात येऊन रडली. "पोरांची शपथ गं, चकार शब्द बोलले नाही मी! ए, तू सांग ना रे हिला, मी कधी बोलले का तुझ्याशी?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं.

"जाऊ दे ना अक्का," तो चष्मेवालीला म्हणाला, "झालं गेलं."

ताईने दार लावून घेतलं.

मग ताईला बोलायला दुसरं कोणी उरलं नाही. माणूस मनात साठलेलं कुठेतरी रितं करतंच. ती त्याच्याजवळ करू लागली. त्या वर्षाचं, मोडलेल्या स्थळाचं, बसच्या खिडकीशी बसून काय वाटलं त्याचं. तिकडे दुसऱ्या पुस्तकासाठी बाईंचा तगादा चालूच होता. एका संध्याकाळी ताईला बोलता बोलता रडू कोसळलं, शब्द एकात एक अडकायला लागले. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई," तो मायेने म्हणाला, "सावकाश सांग."