नेऱ्याला घातलेली मागणी

कळंबोलीतल्या एका वाहतूक कंपनीच्या कबड्डी संघाची व्यवस्था भगवान मढवी पाहत असे. एकेकाळी तो डाव्या कोपऱ्यात पकडीला उभा राहायचा. गुडघा गेला तसं मैदान सुटलं, खेळ काही सुटला नाही. पोरांचं जेवण, बूट, टेम्पो, सगळं त्याच्याच अंगावर.

२०१६च्या हंगामात मालक म्हणाले, "मढवी, नेऱ्याचा तो कल्पेश पुढच्या वर्षी आपल्याकडे दिसला पाहिजे."

कल्पेश उरणच्या एका संघाशी करारबद्ध होता. हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या संघाने त्याच्याशी बोलायचं नाही, असा लीगचा नियम. भगवानने पळवाट काढली: खेळाडूशी नाही, आईशी बोलू. कल्पेश सरावाला गेलेला पाहून तो नारळ घेऊन नेऱ्याला गेला, मुलीला मागणी घालायला जावं तसा.

"सुनंदाताई, कराराचं कायच बोलत नाय. नुसता देवाफुडं नारळ ठेवा."

"म्हंजे पोरगा दिला, असंच ना?" सुनंदा हसली. "त्याला इचारल्याबिगर नाय बाबा."

"इचारा की निवांत. नारळ तर असू दे."

घरी आलेला नारळ परत कसा धाडायचा? तिने तो देवापुढे ठेवला. अंतिम सामन्याआधी पोराचं डोकं फिरायला नको म्हणून त्याला सांगितलं नाही. शेजारणीला मात्र कौतुकाने सांगितलं. आणि देवापुढे नारळ ठेवला म्हणजे ठरलंच, असं मानणारी ही गावं. सामन्याच्या आदल्या दिवशी बातमी उरणला पोचली. कल्पेशला फितूर ठरवून संघाने बाहेर बसवलं. सामनाही गेला.

लीगची चौकशी पनवेलला होती; कल्पेश आणि सुनंदालाही हजर राहायचं होतं. मालकांनी गाडीतच बजावलं, "बाईनेच बोलावलं म्हणायचं. विषय संपला."

अध्यक्षांनी विचारलं तेव्हा भगवान खाली बघत म्हणाला, "त्यांच्या घरून निरोप आला होता."

कल्पेशने त्याच्याकडे नाही, आईकडे पाहिलं.

"मी नाय रे बोलावला," सुनंदा पुटपुटली.

"गप बस आये. केलंस तेवढं पुरे."

या बाईने त्याला चहा पाजला होता, निघताना शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या होत्या. तो उठला.

"साहेब, निरोप नव्हता. मीच गेलो. पोराला ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी शब्द दिला नव्हता."

मालक त्याला न घेताच गाडीत बसून गेले. कल्पेश निर्दोष ठरला. भगवानला दोन हंगामांची बंदी झाली. ती त्याला कमीच वाटली.

बाहेर त्याने कल्पेशपुढे हात जोडले.

"मॅच जाऊ दे, काका," कल्पेश म्हणाला. "बातमी फुटल्यापासून मी आईच्या हातचं जेवलो नाय."

सुनंदाने लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "चल, घरी जाऊ," एवढंच म्हणाली. भगवानकडे तिने वळून पाहिलं नाही, आणि त्यानेही हाक मारली नाही.