धवलारीण आत्याचं ‘न्हाय’

आमच्या थोरल्या आत्याला कुणाची लाज काढायला शब्द लागत नसत. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायची आणि समोरच्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळायची. एवढ्यानंच गावातले भलेभले पुढारी सदऱ्याची बटणं चाचपायला लागत.

ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवलारिणीनं धवले गायल्याशिवाय हळद लागत नाही. लग्नाच्या दिवसांत गावचे पुरुष तिच्यापुढं हात जोडून उभे असत. पुढच्या आठवड्यात तीच विधवा बाई गावकीच्या बैठकीला आली, की तेच म्हणत, ‘‘बायांचा हितं काय काम?’’ आत्या म्हणायची, ‘‘देव लागला की यांना मी लागते. निवद खाऊन झाला की देव बी नको नि मी बी नको.’’

माझे काका या मंडळींचे मुकुटमणी. महिला दिनाला वेशीवर ‘नारीशक्तीला वंदन’ असा बॅनर लावायचे. त्यावर काका, काकांचे नेते आणि नेत्यांचे चिरंजीव. नारी एकही नाही. त्याखालून जाताना आत्या नाकाला पदर लावायची. ‘‘वास मारतो,’’ म्हणायची.

मुलींना बापाच्या जमिनीत मुलांइतकाच वाटा, असा कायदा आला. त्याच सुमारास न्हावा शेवा बंदरातले कंटेनर ठेवायला आमच्या शेताला गिऱ्हाइकं यायला लागली. मग ज्या भावांना बहिणी भाऊबिजेलाही जड व्हायच्या, त्यांना एकदम मायेचा पाझर फुटला. काका आणि माझे बाबा साड्या घेऊन तिन्ही बहिणींकडे गेले आणि त्यांना गाडीत घालून तालुक्याला नेलं, हक्कसोड पत्र करायला. आमच्याकडची ही रीतच. बहिणीनं हक्क सोडायचा आणि माहेर राखायचं. जी सोडणार नाही ती भावाच्या मुळावर उठलेली.

कचेरीतल्या साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला, ‘‘राजीखुशीनं सोडताय ना?’’ धाकट्या दोघींनी माना डोलावल्या. थोरली म्हणाली, ‘‘न्हाय.’’

‘‘अगो, व्हय बोल!’’ काका दबक्या आवाजात ओरडले.

‘‘साहेबांनी इचारला, मी सांगितला. मना खुशी न्हाय.’’ मग हातातली साडी काकांकडे टाकून म्हणाली, ‘‘ही तूच नेस. बॅनरवर बरी दिसशील.’’

सातबाऱ्यावर तिचं नाव राहिलं आणि माहेर तुटलं. माझ्या भावाच्या लग्नात बाबांनी परगावची धवलारीण आणली. आत्या चार घरं पलीकडे आपल्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. मी भेटायला गेले तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ‘‘मधला एक कडवा खाल्ला तिनी,’’ एवढंच म्हणाली. मला रडू आलं.

आता माझी मर्दुमकी ऐका. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. बायकांना मताचा हक्क कसा मिळाला, समान वेतन, वारसाहक्क, सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी लिहून देते. बाबा गेले आणि महिना उलटायच्या आत भावानं कागद पुढं केला. ‘‘ताई, आपला काय येगला हाय का?’’ कचेरीत मलाही तोच प्रश्न विचारला. मी ‘हो’ म्हणाले. सही मोत्यासारखी आली. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

लेकीला घेऊन आत्याला सांगायला गेले. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘बस हां. चाय ठेवते,’’ आणि बशीत बिस्किटं घालून आणली. घरी आलेल्या परक्या बाईला देतात तशी.

दोन वर्षांनी आत्या गेली. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाटा आता आपल्याकडेच परत येणार म्हणून काका खुशीत होते. पण वकिलांनी मृत्युपत्र वाचलं. आत्यानं सगळं माझ्या लेकीच्या नावावर केलं होतं. वकील माझ्याकडे बघून अवघडले. म्हणाले, ‘‘मी विचारलं होतं त्यांना, थेट भाचीलाच का देत नाही म्हणून.’’

‘‘मग? काय म्हणाली?’’

‘‘म्हणाल्या, तिला नको. ती शिकलेली हाय, भावाला देऊन टाकील.’’