लोनींची चुलत बहीण

ग्रिझेल मचला गेले तीन आठवडे एका जागी बसवत नव्हतं, आणि पंचाईत अशी की आता तिला बसावंच लागत होतं. लापशी शिजवायची तिनेच, वाढायची तिनेच, आणि मग मालकांसमोर खुर्चीवर बसून बहिणीसारखी खायचीही तिनेच.

सरकारने आमच्या मॉन्ट्रोज गावातल्या मोलकरणींवरही कर बसवला होता आणि बिनलग्नाच्या पुरुषाला तो दुप्पट. सुताचे व्यापारी एबेनेझर लोनी बिनलग्नाचे, शिवाय चिक्कू. करवाला कारकून दारात आला तेव्हा त्यांनी बेधडक सांगितलं, "मोलकरीण कुठली? ही माझी चुलत बहीण." कारकुनाने ग्रिझेलकडे पाहिलं. अकरा वर्षं मालकांच्या बोलण्याला हलणारी तिची मान तेव्हाही हलली. तिथेच ती फसली.

"काय ताईसाहेब, पाणी स्वतःच भरताय?" विहिरीवर शेजारच्या घरची मोलकरीण टिबी रोज डिवचायची. "लोनींकडे मोलकरीण नाही वाटतं?"

"तोंड आवर गं," ग्रिझेल म्हणायची आणि घागर अर्धीच भरून पळायची.

हे टोमणे तिने पचवलेही असते. पण जवळच्या ब्रेखिन गावातल्या खाणावळीत तिला स्वयंपाकीण म्हणून बोलावलं होतं. अख्खं स्वयंपाकघर तिच्या एकटीच्या हाती! नोव्हेंबरात, मार्टिनमसच्या सणाला नोकरांची मुदत संपली की निघायचं. फक्त मालकांच्या हातची चिठ्ठी हवी होती, इतकी वर्षं इमानाने नोकरी केली म्हणून. चिठ्ठीशिवाय खाणावळवाली तिला दारात उभं करणार नव्हती.

"बहिणीला कसली चिठ्ठी देऊ?" लोनी म्हणाले. "कारकुनाच्या हाती लागली तर मेलोच मी. आणि जायचं कशाला? घरच्यासारखी तर राहतेस."

"घरच्यासारखी? मग आज भांडी तुम्ही घासा!"

लोनी हसले. ग्रिझेलला मात्र रडू कोसळलं. मार्टिनमसला आठच दिवस उरले होते. घासलेलं पातेलं ती पुन्हा घासत बसली.

रविवारी चर्चमध्ये ती लोनींशेजारी, पुढच्या बाकावर होती. मोलकरणींचा बाक पार मागे, कारकून तीन बाकांपलीकडे. स्तोत्र सुरू झालं. स्तोत्र आम्ही बसून म्हणतो, त्यामुळे मध्येच कोणी उठलं की सगळ्या माना वळतात. ग्रिझेल उठली. ती सगळ्यांच्या देखत चालत मागे गेली.

"सरक की गं," ती म्हणाली. टिबीने सरकून जागा केली.

कारकुनाने लोनींना चर्चच्या दारातच गाठलं. "बहीण रुसली वाटतं?" लोनींचा चेहरा लालबुंद झाला. खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सोमवारी सकाळी टेबलावर दोन वाडगे मांडलेले होते, आणि ते चक्क लोनींनी मांडले होते. एकाशेजारी चिठ्ठी होती. 'ग्रिझेल मच, माझी मोलकरीण, अकरा वर्षं,' इथवर वाचून तिचे डोळे भरून आले.

"दुप्पट कर भरून आलो," लोनी खाली बघत पुटपुटले. "आता बसायची सक्ती नाही. पण... जाईपर्यंत बसशील का? एकट्याने खायची सवय मोडली."

ग्रिझेलने आधी चिठ्ठी खिशात घातली आणि मग खुर्ची ओढली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचे पाय टेबलाखाली स्वस्थ राहिले.