आधी मालक, मग कुत्रा

ज्या माणसाविषयी मी लिहितो आहे, त्याच्याविरुद्ध मी एकदा खोटी तक्रार केली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांचं कौतुक करू लागलो की तुम्ही भारावून न जाता माझ्याकडे जरा संशयानेच पाहावं. त्यांची स्वतःची पद्धतही तीच होती.

आमच्या तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करायचे. सरकारी कागदावर या हुद्द्याला व्रणोपचारक म्हणतात. गावात त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणत. कोणी कुत्रा घेऊन आलं की भाऊ कुत्र्याकडे पाहतच नसत. हात पाठीमागे बांधून ते मालकाभोवती एक चक्कर मारायचे, चपलेपासून टोपीपर्यंत. मालक अवघडून म्हणायचा, भाऊ, आजारी कुत्रा आहे.

"माहीत आहे जी," ते म्हणायचे. "आधी मालकाले पाहू द्या. कुत्र्याचं मंग."

आणि खरंच, चक्कर संपेपर्यंत निम्मं निदान झालेलं असायचं.

आमच्याकडे पूर्वी कुत्रा ही विकत घ्यायची वस्तू नव्हती. तो असायचाच. धानाच्या बांधीवर मागे यायचा, मोहफुलं वेचायला जंगलात गेलं की पुढे चालायचा, आणि भाकरीचा तुकडा टाकला की शेपूट हलवायचा. मग मोठ्या रस्त्यापलीकडे शेतांचे प्लॉट पाडून ले-आउट पडला. आम्ही नोकरदार माणसं तिथे राहायला गेलो. घरांना रंग लागले, फाटकांवर नावं लागली, आणि फाटकाच्या आत काहीतरी जातिवंत बांधलेलं असल्याशिवाय नाव पूर्ण वाटेना.

सगळ्यात आधी ठेकेदारांकडे लॅब्रॅडोर आला. चोरापासून राखण व्हावी म्हणून आणला होता. पण लॅब्रॅडोरच्या मनात चोर ही कल्पनाच नसते. त्याच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, खायला देणारी आणि अजून न दिलेली. एकदा खरंच चोर आले, तेव्हा तो त्यांच्यासोबत स्वयंपाकघरापर्यंत गेला, असं ठेकेदारीणबाई सांगायच्या. भाऊंनी त्याचं पोट चाचपलं, मग ठेकेदारांच्या पोटाकडे पाहिलं आणि दोघांची भाकरी कमी करा म्हणाले. ठेकेदार चिडले. राखणीचं काय, त्यांनी विचारलं.

"हा राखणदार नाई जी, पाव्हणा आहे," भाऊ म्हणाले. "पाव्हण्याले काम कोण सांगते?"

सेवानिवृत्त मुख्याध्यापकांचा जर्मन शेफर्ड होता. उंच, कान ताठ, नजर करडी. ले-आउटमधली मुलं त्या घरासमोरून सायकल हातात धरून न्यायची. दिवाळीत मात्र हा गृहस्थ तीन दिवस दिवाणाखाली असायचा. मुख्याध्यापकांना याची फार लाज वाटे. भाऊंचं म्हणणं वेगळं होतं. ते सांगायचे, ही जात हुशार आहे, तिला सतत काहीतरी काम हवं असतं, आणि काम नसलं की ती काळजी करायला लागते. सरांनाही रिटायर झाल्यापासून तेच झालं आहे. दोघांना रोज पहाटे तलावापर्यंत पळवा. मुख्याध्यापक चार दिवस गेले. पाचव्या दिवसापासून कुत्रा एकटाच जाऊ लागला.

आणि तहसील कचेरीतल्या बाबूंच्या घरचा पांढरा पॉमेरेनियन. दूधवाला, टपालवाला, पलीकडच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं लुगडं, कोणावरही भुंकायचा. बाई बाबूंसोबत तक्रार घेऊन आल्या की याला शांत करायचं औषध द्या. भाऊंनी बाबूंकडे पाहिलं. बाबू गरीब माणूस, कचेरीत दिवसभर कोणालाही काही बोलत नसे.

"राहू द्या बाई," भाऊ म्हणाले. "घरात कोणीतरी बोलाले पायजे ना."

त्यांचा स्वतःचाही एक कुत्रा होता. तांबडा, हडकुळा, गावठी. एक कान अर्धाच होता; उरलेला बिबट्याने नेला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो दिवसभर पडून असे. ले-आउटमधले आम्ही लोक आपापली जातिवंत श्वानं सावरत त्याला ओलांडून जायचो. ठेकेदारांनी एकदा चेष्टेने विचारलं, भाऊ, हा कोणत्या जातीचा? भाऊ म्हणाले, हा उरलेल्यांपैकी आहे. आमच्याकडे बिबट्या गावात येतो तो कुत्र्यासाठीच. जे शूर होते, ज्यांनी बिबट्या पाहून भुंकून दाखवलं, ते सगळे गेले. जे गुपचूप चुलीमागे घुसले, त्यांची पोरं आज गावात फिरतात. "अक्कल आहे जी याले," असं म्हणून ते त्याच्या अर्ध्या कानामागे खाजवायचे. ठेकेदार म्हणाले, माझ्या कुत्र्याचे कागद आहेत. भाऊंनी शांतपणे विचारलं, बिबट आला तर त्याले वाचता येते का?

आता माझ्याकडे येतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ले-आउटमध्ये माझं घर कोपऱ्यावर आहे आणि बराच काळ त्याच्यासमोर कोणी थांबत नसे. म्हणून मी सायबेरियन हस्की आणला. मुलीला हवा होता असं मी सगळ्यांना सांगितलं. तिला हवा होता हेही खरं, पण तिला सशाचं पिल्लूही चाललं असतं. मला निळे डोळे हवे होते. बर्फात गाडी ओढणारं जनावर मी चंद्रपूर जिल्ह्यात आणलं, जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, आणि त्याचं नाव ठेवलं ध्रुव.

लोक थांबू लागले. फोटो काढू लागले. मी फाटकाशी उभा राहून या जातीची माहिती सांगायचो. हस्कीचा स्वभावही मोठा मोहक. तो भुंकत नाही, गातो. सांगितलेलं ऐकतो, समजून घेतो आणि मग स्वतःला हवं तेच करतो. वर्गात असा एखादा मुलगा असतो, त्याच्यावर रागावता येत नाही. भिंत, फाटक, खिडकी, काहीही ओलांडून तो सुटायचा आणि तासाभराने ओला होऊन तलावावरून परत यायचा.

भाऊंकडे त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या.

"सर, तुमी तर शिकवता," ते म्हणाले. "याच्या अंगावर रजई आहे. ती याले काढता येत नाई. मंग इथी काऊन आणलं?"

मी मुलीचं नाव पुढे केलं. नंतर पाऊण तास त्यांनी मला बसवून समजावलं. दुपारी फरशीवर ठेवा, पोटाला ओलं फडकं लावा, कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडी ठेवा. कूलरची हवा आत येते तशी ती बाहेरही गेली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती वाफ कोंडते. हे विदर्भातल्या पोरासोरांना माहीत आहे. मी तर बाष्पीभवनाचा धडा दरवर्षी शिकवतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्हाला नागभीडला लग्नाला जायचं होतं. ध्रुव आदल्याच दिवशी त्या खिडकीतून उडी मारून सुटला होता. खिडकीला जाळी बसवून घ्या म्हणून बायको दोन महिने सांगत होती. मी त्याला खोलीत ठेवलं, कूलर पूर्ण जोरात लावला आणि खिडकी लावून घेतली. कडीसुद्धा घातली.

परत आलो तेव्हा खोलीच्या भिंतींना पाणी सुटलं होतं. तो आडवा पडला होता. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर दुसऱ्या गावी शिबिरात होते. भाऊंनी त्या दिवशी माझ्याभोवती चक्कर मारली नाही. ते सरळ कुत्र्याशी बसले. अंगावर ओली पोती टाकली, पंजे पाण्यात धरले, डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील तशी सुई दिली. अर्ध्या तासाने ध्रुव गेला. भाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले.

तोवर ले-आउटमधली चार माणसं जमली होती. मुलीने मला विचारलं, "बाबा, कशाने गेला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "सुई चुकली."

मी एवढंच म्हणालो होतो. बाकीचं इतरांनी केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण तक्रार अर्ज मीच लिहिला. डॉक्टर हजर नसताना परस्पर सुई दिली, हे वाक्य ठेकेदारांनी सुचवलं. 'निष्काळजीपणे' हा शब्द माझा होता. ज्यांच्या ज्यांच्या पोटाविषयी, पोराबाळांविषयी, स्वभावाविषयी भाऊ कधी खरं बोलले होते, त्या सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मुख्याध्यापकांनी तर सही करण्याआधी माझं शुद्धलेखन तपासलं. फोनवर मिळालेल्या सूचनेचा कागद नसतो, आणि डॉक्टरांनाही ती आठवेना. भाऊंची थेट तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याला बदली झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

ते गेले त्या सकाळी मी शाळेत जाताना चौकातून पाहिलं. तांबडा कुत्रा बसच्या मागे वनखात्याच्या नाक्यापर्यंत पळत गेला आणि तिथून परत आला. वर्षभर तो व्हरांड्यातच होता. एका पावसाळ्यात तो दिसेनासा झाला. कोणी चौकशी केली नाही. मीही नाही.

मला पश्चात्तापाने सिरोंच्याला नेलं असं लिहायला बरं वाटलं असतं. मला एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाने नेलं. दीड वर्ष झालं होतं. लग्न दुपारचं, सकाळ मोकळी होती, आणि दवाखाना मांडवापासून हाकेच्या अंतरावर निघाला. बसमध्ये मी एक वाक्य तयार केलं होतं. 'गैरसमजातून तुम्हाला त्रास झाला.' या वाक्यात कोणाचा गैरसमज, ते येत नाही. फार विचार करून मी ते तसं बसवलं होतं.

भाऊ एका बैलाच्या खांद्याची जखम धूत होते. बारीक झाले होते. बैलाशी ते तेलुगूत बोलत होते, "आगु, आगु," म्हणजे थांब. मला पाहून त्यांनी पट्टी बांधून हात पुसले, बाक झटकला आणि मुलगी कितवीत गेली ते विचारलं. मी माझं वाक्य म्हटलं.

"जाऊ द्या सर," ते म्हणाले. "नोकरीत असं होते. चहा घेता?"

इतकं सोपं होतं ते. चहा आला, आम्ही प्यायलो. गोदावरीच्या पाण्याबद्दल बोललो. माझ्या मनात परतीच्या बसची वेळ येऊ लागली होती.

तेवढ्यात एक म्हातारा गावठी कुत्र्याला दोरीने ओढत आला. कुत्र्याच्या तोंडात साळिंदराचे काटे रुतले होते, सात-आठ असतील. तो कण्हत होता. हे काम भाऊंच्या हातचं मी आमच्याकडे कितीदा पाहिलं होतं. एका हाताने जबडा धरायचे आणि गप्पा मारता मारता काटा काढायचे. कुत्र्याला कळायचंही नाही.

भाऊ उठले नाहीत. म्हाताऱ्याला त्यांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं, डॉक्टर येईपर्यंत थांब असं असावं. म्हातारा हात जोडू लागला. भाऊंनी मान फिरवली आणि बैलाकडे जाऊन त्याच्या खांद्यावरची आधीच बांधलेली पट्टी पुन्हा सोडली.

मी विचारलं, तुम्ही का नाही काढत?

त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, "कुत्र्याले हात नाई लावत मी आता. बैल, बकऱ्या करतो. तुमच्या ध्रुवले किती औषध देल्लं, ते रोज मोजतो सर मी. रोज बरोबरच येते. पन एवढ्या शिकल्यासवरल्या लोकायनं सह्या केल्या, तर कुठीतरी चुकलोच असन ना मी?"

मला वाटलं होतं, त्यांना सगळं माहीत असेल. मनातून ते मला ओळखून असतील आणि मोठेपणाने गप्प असतील. या समजुतीवर मी दीड वर्ष झोपलो होतो. त्या माणसाने माझ्या अर्जावर विश्वास ठेवला होता.

दवाखान्यात म्हातारा होता, बैलवाला होता, दारात बकरी घेऊन एक बाई उभी होती. मी आधी हळू आवाजात सुरुवात केली. मग थांबलो, बाकावरून उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"भाऊ, तुमची सुई चुकली नव्हती. कूलर लावून खिडकी मी बंद केली होती, कडी घालून. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. तुमच्याकडे आणला तेव्हाच तो जात होता, आणि हे मला त्याच दुपारी माहीत होतं. पोरीसमोर माझी चूक सांगायला मला लाज वाटली, म्हणून मी तुमचं नाव घेतलं. हे मी कचेरीत लेखी देईन आणि घरी जाऊन तिलाही सांगेन. मला माफ करा."