दारापाशी झिजलेला रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला माणूस तरी कुठं आहे म्हणा — राजुरीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान, दुकानावर एक खोली, खोलीत मी एकटा. लग्नाचं जमलं नाही, मग वय गेलं, मग लोकांनी विचारणंही सोडलं. पण खरं सांगू? ऐकणारं कुणी घरात असतं, तरी मी बोललो नसतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

मला एक नाद आहे. अंतराळयानांची मॉडेलं बनवायचा. खरी यानं नव्हेत, काल्पनिक — करड्या प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात भरून येतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे. पन्नाशीला आलेला माणूस खेळणी चिकटवत बसतो म्हणून गावात हसतात. हसू देत. तरुणपणी खोडदच्या बाजूला गेलं की रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्या मोठ्या तबकड्या दिसायच्या, आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. नाद तिथूनच लागला असावा.

यानात दिवे बसवण्यात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही, हे मी आजही म्हणेन. जळालेल्या मोटारीतली केसाएवढी तांब्याची तार काढायची, ती यानाच्या पोटात फिरवायची, खिडक्यांना सुईएवढी भोकं पाडायची. आतून आधी काळा रंग मारायचा, नाहीतर उजेड प्लॅस्टिकमधून पाझरतो आणि यान आकाशकंदिलासारखं दिसतं. एका मोठ्या मालवाहू यानात मी दीडशेच्या वर खिडक्या उजळल्या. चार महिने लागले. लावलं बटण — आणि मला ते आवडलं नाही. सगळं कसं कोरं करकरीत. दुकानातून नुकतं आणल्यासारखं.

अशा मॉडेलला जुनं, वापरलेलं, मळलेलं दाखवावं लागतं. त्याला वेदरिंग म्हणतात. ते माझ्या हाताला नाही. ते दत्तूच्या हाताला होतं.

दत्तू पेंटर निमगाव सावाचा, माझा शाळेपासूनचा सोबती. उसाच्या ट्रॉल्या रंगवायचा, त्यांच्यावर नावं टाकायचा. यान त्यानं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "नाना, ही गाडी पुढं कंच्या तोंडानं जाती? मंग नाकाला दगडं लागणार. मागं काळं व्हणार. आन् माणसं चढत्यात कुठनं?" मी दार दाखवलं, दाराखालची नखाएवढी पायरी दाखवली. "मंग हितला रंग पयला जानार राव. ट्रॉलीचं बी तसंच व्हतं."

पंधरा दिवस तो रोज दुपारी यायचा. जुन्या गादीतल्या स्पंजच्या तुकड्यानं रंग टिपत टवके उडाल्यासारखं केलं. पातळ केलेला काळा-तपकिरी रंग सांध्यांत सोडून फडक्यानं पुसला. सायलेन्सरची काजळी खरवडून आणली, रस्त्यावरची धूळ फडक्यातून चाळून घेतली. पायरीवरचा रंग मात्र त्यानं बोटानंच झिजवला, थोडा थोडा. ते पंधरा दिवस माझ्या खोलीत दोन माणसं होती. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

पुण्यात अशा मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं, स्पर्धाही होती. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची रांग लागलेली, म्हणून दत्तूला येता आलं नाही. खोकं एसटीत माझ्या मांडीवर त्यानंच ठेवलं. प्रदर्शनाच्या फॉर्मवर एक रकाना होता — सहकाऱ्याचं नाव. मी तिथं रेघ मारली. का? दिवे माझे, किट माझं, चार महिने माझे, असं काहीतरी मनात आलं. एवढीच सुरुवात.

परीक्षक बाई भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "दिवे नीट आहेत. पण दिवे सगळेच लावतात. हे मात्र — यात माणसं राहतात हो! पायरी झिजलीय बघा. हे कुणी केलं?"

मी म्हणालो, "मीच."

कसं सुचलं, हेही त्यांनी विचारलं. मी उसाच्या ट्रॉलीची गोष्ट सांगितली. दत्तूची गोष्ट, माझ्या तोंडून. पहिला नंबर आला. ढाल घेऊन परत येताना मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या पोटात दुखत होतं. दीडशे खिडक्या — आणि म्हणे दिवे सगळेच लावतात!

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. पण मी अजून मूळ गोष्टीला आलोच नाही. फिरतोय नुसता भोवती.

दत्तू राजुरीच्या स्टँडवर थांबला होता, हाताला रंग तसाच. "काय झालं?" म्हणाला. ढाल पिशवीत होती, शर्टाखाली गुंडाळलेली. मी म्हणालो, दिवे लई आवडले. नंबर थोडक्यात गेला. पण — आणि इथं मी जरा थांबलो, हे मला स्पष्ट आठवतं, मला विचार करायला वेळ होता — पण घाण जास्त झाली म्हणाले. नंबर त्यानंच गेला, असंही सांगितलं.

त्यानं हातावरचा रंग नखानं खरवडला. मग म्हणाला, "व्हय. मला बी वाटलंच व्हतं. माझा हात ट्रॉलीचा, नाना. तुझी मेहनत घालवली म्यां."

माफी त्यानं मागितली. माझी.

पुढच्या रविवारी दुपारी तो टर्पेंटाइन, चिंध्या आणि पांढरा रंग घेऊन खोलीवर आला. यान पुसून देतो, म्हणाला, मग पुढच्या वर्षी पुन्हा ने. मी अडवायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ढाल पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होती, आमच्यापासून हातभर अंतरावर. मी स्टोव्हवर चहा ठेवला. तो पुसत राहिला — काजळी गेली, सांध्यांतलं काळं गेलं. पायरीपाशी त्याचं फडकं थांबलं. "येवढं ठिवू का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "नको."

हाच माझा गुन्हा. पुण्यातलं खोटं भीतीपोटी किंवा हावेपोटी असेल. हे "नको" कशापोटी होतं? त्या पायरीचं कौतुक झालं होतं, आणि ती मला डोळ्यांसमोर नको होती. दुसरं काही नाही. दत्तूनं तिच्यावर पांढरा हात मारला, आणि त्या यानात राहणारं कुणी उरलं नाही.

त्यानंतर तो चहाला यायचा, मॉडेलला हात लावायचा नाही. "आपल्याला न्हाई त्यातलं कळत," म्हणायचा. लोकांना मात्र सांगत फिरायचा, आमच्या नानाचं लायटिंग पुण्यात गाजलं. तीन वर्षं मी ते ऐकलं, आणि मान हलवली.

गेल्या वर्षी तो झटक्यानं गेला. दहाव्याला नदीच्या घाटावर सगळा गाव होता. प्रवचन झालं, भाषणं झाली, पिंड ठेवला. कावळे समोर बाभळीवर बसलेले, खाली एक उतरेना. अशा वेळी गेलेल्या माणसाचं काही राहिलं असं आपल्याकडे धरतात, आणि जवळचे एकेक जण पुढं होऊन मोठ्यानं शब्द देतात. भावानं पुतणीच्या लग्नाचा दिला. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, घर पुरं बांधायचा दिला. कावळा हलला नाही. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी त्यांच्या जवळचं. त्यांचं काय ऱ्हायलंय, तुमीच सांगा."

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस, कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण काय बोलायचं ते मला ठाऊक होतं — दत्तू, घाण जास्त झाली नव्हती, पहिला नंबर तुझाच होता. एका दमात बोलून झालं असतं. मी म्हणालो, "काही नाही वहिनी. समाधानी माणूस होता." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि लोक चपला शोधायला लागले.

वहिनींनी ते मनाला लावून घेतलं. आपल्याकडूनच काही कमी पडलं, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. दर अमावास्येला गच्चीवर ताट ठेवतात आणि कावळा शिवतो का ते लांब उभ्या राहून बघतात. कधी पुरणपोळी, कधी मासवडी, कधी नुसती शेव. झोप उडालीय, वाळून गेल्यात.

परवा दुकानात आल्या होत्या. मोटार जळाली नव्हती, काही नाही. काउंटरला टेकून म्हणाल्या, "भावजी, त्यांना आजून काय आवडायचं वं? सगळं करून झालं."

मी हातातली तार गुंडाळत राहिलो. मग म्हणालो, "जिलेबी करून बघा."