आजोबांच्या पदकाची कड

मामाचा फोन आला नसता तर या पावसाळ्यात मी सोनईकडे फिरकलेही नसते. "पंधरा ऑगस्टला गावात सैनिकांच्या नावांचा दगड बसतोय. आजोबांच्या नावापुढं 'शौर्यपदक' कोरू द्यायला बबनराव तयार न्हाई. म्हनतो, पदक जुन्या बाजारातनं आनलंय. तू ये अन् बघ."

बबनराव म्हणजे मामाचे चुलतभाऊ, दगडाच्या समितीतले. खरं सांगायचं तर शंका मलाही होती. आजोबा एकाहत्तरच्या लढाईत होते, एवढं नक्की. पण लढाईचं विचारलं की ते पलटणीतल्या खेचरांच्या गोष्टी सांगायचे. पदकाची सनद वाळवीने खाल्ली, असं मामा सांगतो. सैन्याच्या कार्यालयाला मी पत्र पाठवलंय, उत्तर नाही. मी कारखान्यात मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथलं भिंग पिशवीत टाकलं आणि निघाले.

पुण्याहून पहाटेची एसटी धरा, म्हणजे वाघोलीची कोंडी टळते. बायकांना अर्धं तिकीट. नगरला गाडी बदलून घोडेगावला उतरायचं. तिथून काळीपिवळी मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. "ताई, शिंगणापूर ना?" असं मला तिघांनी विचारलं. आधी भाडं ठरवा, मगच बसा. सोनईच्या पुढे मामाच्या गावापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेमधे गुडघ्याएवढी बाजरी. रस्ता चांगला आहे, साइडपट्टी नाही.

मामीने भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. हात धुतेय तोच बबनराव दारात.

मामीने देव्हाऱ्यातून पदक आणलं. लख्ख होतं. इतकी जुनी चांदी इतकी चमकत नाही. माझी शंका वाढली. अशा पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. मी कड फिरवून पाहिली. कोरी.

"काय इंजिनेर मॅडम, हाय का नाव?" बबनरावांनी विचारलं.

"नाही."

"मंग! शेजारच्या गावच्या सुभेदाराचं बघितलंय मी. त्याच्यावर हाय."

मामा जमिनीकडे बघत बसला. मामी मात्र खूश. "लई चमकतंय ना? दर सनावाराला अन् खंडेनवमीला चिंच लावून राखंनं घासती मी. मामंजी व्हते तवापसून. कोयता, पाना, पदक, समदं पुजायचं."

मी पदक पुन्हा हातात घेतलं. चांदी मऊ असते आणि राख म्हणजे बारीक पॉलिश पेपरच; कडेवर नाव असलंच तर ते तिनेच झिजवलं असेल. पण फीत अडकवायची कडी जिथे पदकाला जोडलेली असते, तिथल्या खाचेत बोट पोचत नाही. तिथे वर्षानुवर्षांची राख आणि कुंकू घट्ट बसलं होतं. मामीकडून सुई घेतली, हळूहळू कोरून काढलं. भिंगाखाली तीन आकडे दिसले.

खाटेखाली आजोबांची काळी ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा क्रमांक. पहिले तीन आकडे तेच.

"झालं तर!" मामा उठलाच.

"झालं नाही," मी म्हणाले. "तीन आकडे जुळतात. नाव जुळलेलं नाही."

बबनराव हसले. "तीन आकडे! मटका लागला म्हना की." पण मग त्यांनीच भिंग मागितलं. उजेडाला जाऊन बराच वेळ बघत राहिले. परत आले तेव्हा हसत नव्हते. "नाव घालू दगडावर. म्होरं जागा सोडू. पत्र आलं की पदक कोरू."

मामाने ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवली. मला वाटतं, त्याला माझ्याकडून जास्त हवं होतं.

निघताना मामीला सांगितलं, यापुढे घासू नका.

"न घासता? मामंजीला बिनअंघोळीचं पुजू व्हय?"

तिने ऐकलं असेल असं वाटलं नाही.

पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. दगड बसला, आजोबांच्या नावापुढची जागा गुळगुळीत आणि रिकामी आहे. सोनईकडे गेलात तर पुढे मामाच्या गावात जाऊन बघा, चौकातच आहे.

खंडेनवमीला मामीने फोटो पाठवला. पाटावर कोयता, पाना, झेंडूची फुलं आणि मधे पदक. मी फोटो मोठा करून पाहिला, विश्वास नव्हता. पदक काळपट पडलं होतं. कुंकू त्याच्यावर नव्हतं, शेजारी पाटावर लावलं होतं.